वापरलेली किट, अर्धवट राहिलेली किट आणि होमब्रू रिग विकताना: हॅम मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅम म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणारे. त्यांनी कपाटात पडून असलेलं किट (स्वतः जोडायचा रेडिओचा भागसंच) किंवा रिग (रेडिओ संच) विकायला काढली की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यातले बहुतेक एकाच मुद्द्यापाशी येऊन थांबतात: वस्तूबरोबर तिची खरी माहिती किती द्यायची. आमचं मत आधीच सांगून टाकतो. वस्तू कशीही असो, तिची स्थिती नीट लिहिली असेल तर तिला गिऱ्हाईक मिळतं. स्थिती झाकून ठेवली तर चांगली रिगही भांडणाचं कारण होते.

१. माझ्याकडची वस्तू "नवीन किट", "अर्धवट किट" की "वापरलेली रिग" म्हणून विकायची?

पाच प्रकार धरा: सीलबंद किट, उघडलेलं पण सोल्डर न लागलेलं किट, अर्धवट जोडलेलं किट, पूर्ण जोडलेलं किट (चालू किंवा बंद), आणि होमब्रू, म्हणजे कुठल्याही किटशिवाय स्वतः बांधलेलं उपकरण. पीसीबीवर (भाग बसवायच्या छापील सर्किट बोर्डावर) एक जरी रेझिस्टर सोल्डर केला असेल तरी ते किट "अर्धवट" झालं. "जवळजवळ नवीन" असा प्रकार नसतो. किटमधले भाग काढून त्याजागी आपल्या साठ्यातले टाकले असतील, तर सोल्डर लागलेलं नसलं तरी ते लिहायला हवं.

२. परवाना नसलेल्या माणसाला ट्रान्समीटर विकला तर चालतं का?

हे त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून आहे. काही ठिकाणी ट्रान्समीटर जवळ बाळगायलाही परवाना लागतो, काही ठिकाणी फक्त तो हवेवर चालवायला लागतो. सगळीकडे चालेल असा सावध मार्ग एकच: घेणाऱ्याचा कॉलसाइन (परवान्याबरोबर मिळणारं ओळखचिन्ह) मागा, परवाना देणाऱ्या खात्याच्या यादीत तो तपासा आणि पावतीवर लिहून ठेवा. नुसता रिसीव्हर, पॉवर सप्लाय, एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाची जुळणी दाखवणारा) यांना सहसा ही अडचण येत नाही. अजून न जोडलेलं ट्रान्समीटर किट कायद्याने "ट्रान्समीटर" ठरतं का, याचं उत्तरही देशागणिक बदलतं. म्हणून किटलाही हाच नियम लावलेला बरा.

३. सीलबंद किट आहे. भाग तपासायला पिशव्या फोडू का?

फोडू नका. सील हीच इथे हमी आहे. अपवाद दोन. पहिला, किट खूप जुनं असेल आणि पारदर्शक पिशवीतून इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या पायांवर हिरवट-पांढरा थर दिसत असेल. दुसरा, आत बॅटरी किंवा सेल असेल. सेल गळला की पीसीबीचा तांबा खातो. अशा वेळी पिशवी उघडा, उघडण्याआधीचा फोटो काढा आणि उघडली असल्याचं लिहा.

४. उघडलेल्या किटचे भाग मोजायचे कसे? यादीत दीडशे भाग आहेत.

मॅन्युअलमधल्या भागयादीची प्रत काढा आणि या क्रमाने मोजा: आधी आयसी, क्रिस्टल, ट्रान्झिस्टर, मग टोरॉइड (तार गुंडाळायच्या कड्या) आणि ट्रिमर (फिरवून जुळवायचे भाग), शेवटी रेझिस्टर-कपॅसिटर. क्रम असा का, तर हरवलेला १० किलोओमचा रेझिस्टर कुठेही मिळतो. प्रोग्राम केलेली चिप किंवा जुळवलेल्या क्रिस्टलचा संच मात्र बाजारात मिळत नाही.

रेझिस्टर रंगपट्ट्यांवरून ओळखू नका. निळ्या रंगाच्या एक टक्क्याच्या रेझिस्टरवर लाल, तपकिरी आणि नारिंगी एकसारखे दिसतात. प्रत्येक प्रकारचा एक तरी मल्टिमीटरवर मोजा. टोरॉइडचा रंग पाहा: टी५०-२ लाल, टी५०-६ पिवळा. एफटी३७-४३ सारख्या फेराइट कोअर करड्या, बिनरंगाच्या असतात. एफटी३७-४३ आणि एफटी३७-६१ डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. पिशवीवरची चिठ्ठी हरवली असेल तर दहा वेढे देऊन इंडक्टन्स मोजावाच लागतो.

क्रिस्टल फिल्टरसाठी जुळवून दिलेले क्रिस्टल वेगळ्या पुडीत ठेवा आणि पुडीवर "जुळवलेला संच" असं लिहा. ते इतर क्रिस्टलमध्ये मिसळले की जुळणी गेलीच, कारण छापील फ्रिक्वेन्सी सगळ्यांवर सारखीच असते.

५. अर्धवट किट पूर्ण करून विकू की आहे तसंच?

तुमचा हात सोल्डरिंगला सरावलेला नसेल, तर आहे तसंच. विकायच्या घाईत केलेलं अर्धं काम किटची किंमत वाढवत नाही, घटवतं. घेणाऱ्याला मोकळी पीसीबी हवी असते. तुमचे सोल्डरचे सांधे तपासत बसायला त्याला नको असतं.

मध्येच थांबलेलं काम एका टप्प्याच्या शेवटपर्यंत न्यावं, हा सल्ला मात्र देऊ. मॅन्युअलमध्ये बहुधा टप्प्याटप्प्याने चाचण्या दिलेल्या असतात: पाच व्होल्टचा रेग्युलेटर बसवून झाला की व्होल्टेज पाहा, ऑसिलेटर झाला की फ्रिक्वेन्सी पाहा. अशी एखादी चाचणी अगदी जवळ असेल तर ती पार पाडून थांबा. "टप्पा ४ अखेरची चाचणी झाली, रेग्युलेटरवर ५.०२ व्होल्ट" या एका ओळीने निम्म्या शंका मिटतात.

६. अर्धवट किटच्या जाहिरातीत काय काय लिहायचं?

- किटचं नाव, पीसीबीचा रिव्हिजन क्रमांक (बोर्डावर छापलेला असतो) आणि मॅन्युअलची आवृत्ती. हे दोन्ही एकमेकांशी जुळतात का ते पाहा. रिव्हिजन बदलली की भागांची मूल्यं (ओम, फॅरड वगैरे) बदललेली असू शकतात.
- कोणत्या पायरीपर्यंत काम झालं आहे. मॅन्युअलमध्ये खुणा केल्या असतील तर त्या पानांचे फोटो.
- एकदा तरी वीज दिली होती का. दिली असेल तर किती व्होल्ट, आणि काय झालं.
- कोणतं सोल्डर वापरलं: ६०/४० शिशाचं की शिसेविरहित. दुरुस्ती करणाऱ्याला तापमान त्याप्रमाणे ठेवावं लागतं.
- उलटा लागून काढलेला किंवा बदललेला प्रत्येक भाग. सोल्डर काढताना पॅड उखडलं असेल तर तेही.
- कमी असलेले भाग, नावानिशी. "एखाद-दोन भाग कमी" या वाक्याला काही अर्थ नाही.

टोरॉइड गुंडाळून झाले असतील तर त्यांचे वेढे लिहा आणि मोजताना नियम लक्षात ठेवा: तार भोकातून जितक्या वेळा गेली तितके वेढे. बाहेरून मोजणाऱ्याचा हमखास एक वेढा चुकतो. ३० ऐवजी २९ वेढे असतील तर इंडक्टन्स साधारण साडेसहा टक्क्यांनी कमी भरतो, कारण तो वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. लो-पास फिल्टरमध्ये एवढा फरक कधी खपून जातो, रेझोनंट सर्किटमध्ये ट्रिमर टोकाला जाऊन बसतो.

७. किट पूर्ण जोडलं, पण चालतच नाही. विकण्याआधी काय तपासून पाहावं?

तीन गोष्टी, याच क्रमाने. पहिली, टोरॉइडच्या तारेच्या टोकांवरचं इनॅमल (वीज अडवणारा थर). न चालणाऱ्या किटमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष हाच. तार छिद्रात आहे, सोल्डर चकाकतंय, पण खाली इनॅमल तसंच असल्याने जोडणी झालेलीच नाही. पॅडपासून पॅडपर्यंत मल्टिमीटरने सातत्य, म्हणजे वीज सलग जाते का ते, पाहा. क्यूआरपी लॅब्जच्या क्यूसीएक्स या ट्रान्ससीव्हर किटमधल्या टी१ या टोरॉइडवर चार वाइंडिंग असतात; तिथे टोकं एकमेकांत बदलणं आणि इनॅमल राहणं हे दोन्ही घडतं.

दुसरी, ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा) आणि शेजारच्या पॅडना जोडणारं सोल्डर. भिंगाखाली पाहा. तिसरी, दिशा असलेले भाग: डायोड, इलेक्ट्रोलिटिक, आयसीची खाच.

रिसीव्ह चालतं आणि पॉवर निघत नाही अशी स्थिती असेल तर फायनल (अँटेनाला पॉवर देणारे शेवटचे) ट्रान्झिस्टर गेलेले असण्याची शक्यता मोठी. क्यूसीएक्समध्ये ते तीन बीएस१७० असतात. भाग स्वस्तच आहेत, तेव्हा बदलून पाहायला हरकत नाही. मात्र अँटेना किंवा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) न जोडता "जरा बघू" म्हणून मोर्सची कळ दाबलीत, तर नवेही जातील.

एवढं करून नाही जमलं तर थांबा आणि "बंद, दोष सापडला नाही, हे हे तपासलं" असं लिहून विका. दुरुस्तीची हौस असलेले लोक अशाच वस्तूंच्या शोधात असतात.

८. चालू रिगसाठी कोणती मोजमापं द्यावीत? माझ्याकडे महागडी उपकरणं नाहीत.

मल्टिमीटर आणि ५० ओमचा डमी लोड एवढ्यावर बरंच भागतं. पुरवठ्याचं व्होल्टेज, रिसीव्हला किती करंट, ट्रान्समिटला किती करंट, आणि प्रत्येक बँडवरची पॉवर. पुरवठा किती व्होल्टचा होता ते लिहिल्याशिवाय पॉवरच्या आकड्याला अर्थ नाही, १३.८ व्होल्टवर ५ वॅट देणारी रिग ९ व्होल्टवर निम्म्याच्याही खाली येते.

ऑसिलोस्कोप असेल तर डमी लोडवर पीक-टू-पीक व्होल्टेज मोजा, त्याचा वर्ग करा आणि ४०० ने भागा, उत्तर वॅटमध्ये. ५ वॅटला सुमारे ४४.७ व्होल्ट दिसायला हवेत. प्रोब दहापटीवर ठेवा.

संवेदनशीलतेचा आकडा मोजता येत नसेल तर देऊ नका. "अँटेना लावल्यावर आवाज स्पष्ट वाढतो" एवढं लिहिलं तरी पुरे. "जबरदस्त रिसीव्हर" वगैरे शब्द कोणी मनावर घेत नाही.

९. रिग कित्येक वर्षं बंद आहे. दाखवायला थेट चालू करू का?

व्हॉल्व्हची (जुन्या काचेच्या निर्वात नळ्यांची) असेल तर मुळीच नाही. न वापरलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा आतला ऑक्साइडचा थर झिजतो, आणि एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की कपॅसिटर तापून फुटतो, कधी ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. व्हॅरिॲकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू व्होल्टेज चढवा, किंवा निदान टंगस्टनचा बल्ब सिरीजमध्ये लावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख जळतच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही.

हीथकिटच्या एचडब्ल्यू-१०१ सारख्या रिगमध्ये फायनलला दोन ६१४६ व्हॉल्व्ह असतात आणि प्लेटवर ८०० व्होल्टच्या आसपास पुरवठा. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. तो चार्ज उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर आतून तुटला असेल तर बराच वेळ राहतो. सवय नसेल तर आवरण उघडू नका. "तपासलेलं नाही" असं लिहा, तेवढी किंमत कमी घ्या.

१०. "शेवटचं वापरलं तेव्हा चालू होतं" असं लिहिलं तर?

वर्ष आणि तेव्हा काय चालू होतं ते लिहिलंत तर चालेल. नाहीतर वाचणारा त्याचा अर्थ "बंद आहे" असाच घेतो.

११. होमब्रू आहे, सर्किट डायग्राम हरवला. कोण घेईल?

डायग्रामशिवाय होमब्रू म्हणजे भागांचा डबा. एका संध्याकाळचं काम करा: ब्लॉक डायग्राम कागदावर काढा, आयएफची (रिसीव्हरमधल्या मधल्या टप्प्याची) फ्रिक्वेन्सी आणि ऑसिलेटरची रेंज लिहा, प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या पायांवरची डीसी व्होल्टेज तक्त्यात मांडा, ट्रिमर आणि प्रीसेट कशासाठी आहेत त्याच्या चिठ्ठ्या चिकटवा. बिटएक्स हा अशर फरहान यांचा गाजलेला ट्रान्ससीव्हर आराखडा. अशा प्रसिद्ध आराखड्यावरून बांधलं असेल तर मूळ आराखडा कोणता आणि तुम्ही त्यात कुठे फरक केला, हे दोन परिच्छेदांत सांगितलं तरी रिग विकण्याजोगी होते.

हे करणं शक्य नसेल तर भाग म्हणून विकणं जास्त किफायतशीर. एअर-गॅप व्हेरिएबल कपॅसिटर, रिडक्शन ड्राइव्ह, रोलर इंडक्टर, क्रिस्टल फिल्टर, चांगला मूव्हिंग कॉइल मीटर: यांना स्वतंत्र गिऱ्हाईक असतं, आणि बऱ्याचदा बेरीज आख्ख्या रिगपेक्षा जास्त भरते.

१२. किंमत कशी लावायची? मी चाळीस तास घालवलेत.

ते तास मोजले जात नाहीत. कटू वाटतं, पण बाजार असाच आहे. अनोळखी हाताने जोडलेलं किट म्हणजे घेणाऱ्याच्या दृष्टीने धोका. आमचा अंदाज असा असतो:

किट अजून बनत असेल तर नव्या किटची किंमत ही तुमची कमाल मर्यादा; सीलबंद असलं तरी थोडं खालीच. अर्धवट असेल तर निम्म्यापासून सुरुवात करा आणि हरवलेल्या दुर्मिळ भागांसाठी आणखी उतरा. बनणं बंद झालेल्या किटचं गणित उलट असतं. हीथकिटने १९९२ साली किटचा व्यवसाय गुंडाळला. तिथून पुढे त्यांच्या न जोडलेल्या किटची किंमत त्याच मॉडेलच्या जोडलेल्या रिगपेक्षा जास्त लागते. असं किट हाती असेल तर ते जोडायला घेण्याआधी दहादा विचार करा.

पर्यायी बोर्ड वेगळे मोजा. एलेक्राफ्टच्या के२ या रिगमध्ये एसएसबी (आवाजाने बोलण्याची सोय), नॉइज ब्लँकर (खरखर कमी करणारा), अँटेना ट्यूनर हे सगळे वेगळे घ्यावे लागणारे भाग. "के२ विकणे आहे" एवढ्या ओळीवरून किंमत कळतच नाही.

१३. मॅन्युअलची प्रत देता येते का? आणि फर्मवेअरचं काय?

तुमच्याकडची छापील मूळ प्रत वस्तूबरोबर जाते, त्यात प्रश्नच नाही. पीडीएफ निर्मात्याने मोफत ठेवली असेल तर दुवा द्या, आणि स्वतःची उतरवलेली फाइलही पेनड्राइव्हवर टाका. बंद पडलेल्या किटची पानं इंटरनेटवरून गायब होतात. फर्मवेअरची आवृत्ती स्क्रीनवर पाहून लिहा. पैसे भरून घेतलेलं अपग्रेड किंवा लायसन्स की असेल, तर ती पुढच्याच्या नावे करता येते का हे निर्मात्याला आधी विचारा.

१४. मी काही मॉडिफिकेशन केलेत. ते काढून मूळ रूपात आणू का?

एखादा कपॅसिटर किंवा तार लावली असेल आणि सुटसुटीत काढता येत असेल तर मनावर घ्या. ट्रॅक कापला असेल, पुढच्या पॅनलला भोक पाडलं असेल तर लपवू नका; फोटोत दिसेल असं ठेवा. जुन्या संग्राह्य रिगमध्ये नवं भोक सगळ्यात जास्त किंमत पाडतं. काढलेले मूळ भाग ठेवले असतील तर पुडी करून सोबत द्या.

१५. माझ्या होमब्रू ट्रान्समीटरचे हार्मोनिक (मुख्य फ्रिक्वेन्सीच्या पटीतले नको असलेले सिग्नल) मोजलेले नाहीत. विकणं चुकीचं आहे का?

"मोजलेले नाहीत" असं लिहून विकणं चुकीचं नाही, पण मोजून घेणं उत्तम. अमेरिकेत १ जानेवारी २००३ नंतर बसवलेल्या ट्रान्समीटरसाठी ३० मेगाहर्ट्झच्या खाली नको असलेले सिग्नल मुख्य सिग्नलपेक्षा किमान ४३ डेसिबल खाली असावेत असा नियम आहे. ढोबळ कसोटी म्हणून तो कुठेही वापरता येतो. टायनीएसएसारख्या छोट्या स्पेक्ट्रम ॲनलायझरने, मध्ये पुरेसा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) लावून, हे घरी पाहता येतं. अटेन्युएटर विसरलात तर ॲनलायझर जाईल.

बिटएक्सनंतरच्या यूबिटएक्सच्या जुन्या व्ही३ आणि व्ही४ बोर्डांवर हार्मोनिकची अडचण माहितीतली आहे, आणि तिच्यावरचे उपायही. तुमच्या बोर्डावर तो उपाय केला आहे की नाही हे नक्की लिहा.

युरोपीय संघाच्या २०१४/५३ या रेडिओ उपकरणांविषयीच्या निर्देशात हॅम लोकांनी जोडून वापरायची किट, हॅमनी स्वतःसाठी बदललेली उपकरणं आणि प्रयोगासाठी स्वतः बांधलेली उपकरणं वगळलेली आहेत. हवेवरच्या सिग्नलची जबाबदारी मात्र चालवणाऱ्यावर राहतेच.

१६. रिगमध्ये माझा कॉलसाइन साठवलेला आहे. पुसायलाच हवा का?

हो, आणि हे फार जण विसरतात. मेमरी कीयरमधला (मोर्स संदेश साठवून आपोआप पाठवणाऱ्या भागातला) सीक्यू संदेश, म्हणजे "कोणी आहे का" ही साद, तर पुसाच, पण बीकन मोड जास्त घातक. क्यूसीएक्ससारख्या रिगमध्ये डब्ल्यूएसपीआर बीकनसाठी (क्षीण सिग्नल आपोआप पाठवून तो कुठे पोचतो ते पाहायची पद्धत) कॉलसाइन आणि लोकेटर (नकाशावरच्या चौकोनाचा क्रमांक) साठवलेले असतात. नव्या मालकाने चुकून तो चालू केला तर तुमच्या नावाने, तुमच्या घराच्या चौकोनातून सिग्नल गेल्याची नोंद जगभर होते. फॅक्टरी रीसेट करा. पण त्याआधी कॅलिब्रेशनचे आकडे कागदावर उतरवा, नाहीतर तेही जातील.

१७. फोटो कसे असावेत?

पीसीबीच्या दोन्ही बाजू, सरळ वरून, फ्लॅश न वापरता, भागांवरची छपाई वाचता येईल इतके स्पष्ट. सोल्डरची बाजू टाळली की संशय येतो. एका फोटोत तारीख आणि कॉलसाइन लिहिलेली चिठ्ठी ठेवा. दुसऱ्यांचे फोटो चोरून जाहिरात देणाऱ्यांपासून तेवढाच फरक दिसतो.

१८. पाठवताना पॅकिंग कसं करायचं?

खोक्यात खोकं, दोन्हींच्या मध्ये सगळीकडून किमान ५ सेंटिमीटर मऊ भर. मोठा ट्रान्सफॉर्मर काढता येत असेल तर वेगळा पाठवा. पार्सल पडलं की तोच चासी वाकवतो. व्हॉल्व्ह काढून, एकेक गुंडाळून, सॉकेटचा क्रमांक लिहून ठेवा. मूव्हिंग कॉइल मीटरच्या दोन टर्मिनलना तारेने शॉर्ट करा, म्हणजे काटा धक्क्याने सैरभैर हलत नाही.

सुट्या आयसी आणि मॉस्फेट काळ्या वाहक फोममध्ये किंवा चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत. पांढऱ्या थर्मोकोलमध्ये पाय खुपसून पाठवलेली चिप पोचेपर्यंत स्थिर विजेने गेलेली असू शकते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

लिथियम सेल काढून घ्या. सुटे लिथियम-आयन सेल प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला एप्रिल २०१६ पासून बंदी आहे.

१९. घेणाऱ्याने पंधरा दिवसांनी "बंद आहे" म्हणून परत मागितलं तर?

विकतानाच मुदत लिहा: वस्तू मिळाल्यापासून इतक्या दिवसांत तपासायची. चालू रिगसाठी एक आठवडा पुरेसा आहे. निघण्यापूर्वी चालू रिगचा व्हिडिओ काढा, ज्यात सिरियल नंबर आणि पॉवर मीटर एकाच चौकटीत दिसतात. घेणाऱ्याने सोल्डरिंग आयर्न लावलं की परतीचा हक्क संपला, हेही आधीच सांगा. अर्धवट आणि बंद वस्तूंना परतीची अट नसते, पण भागयादी चुकीची निघाली तर ती तुमची जबाबदारी.

२०. सायलेंट की झालेल्या (म्हणजे निधन पावलेल्या) हॅमच्या घरचे सामान विकायला मदत मागतात. सुरुवात कुठून करावी?

आधी काहीही फेकू नका, काहीही चालू करू नका. खोलीचे फोटो काढा, विशेषतः कोणती केबल कुठे जाते त्याचे. वह्या, लॉगबुक, भागांच्या पुड्यांवरच्या चिठ्ठ्या जपून ठेवा, होमब्रू उपकरणांची किंमत त्या वह्यांवर ठरते (प्र. ११ पाहा). वारसांकडे परवाना नसेल तर ट्रान्समीटर ताब्यात ठेवण्याचा आणि विकण्याचा नियम आधी विचारून घ्या. मदत करणाऱ्यानेच वस्तू विकत घेऊ नये; घ्यायचीच असेल तर दुसऱ्या कुणाकडून किंमत ठरवून.

२१. किट विकून झालं. आता तसंच दहा जणांसाठी बनवून विकलं तर?

तो वेगळा व्यवहार झाला. एक वापरलेली वस्तू विकणं आणि उत्पादन करणं यांना कायदा सारखं मोजत नाही, प्र. १५ मधली सूटही इथे गृहीत धरू नका. शिवाय पुष्कळ आराखडे "स्वतःच्या वापरासाठी मोफत, विक्रीसाठी परवानगी घ्या" या अटीवर प्रसिद्ध होतात. मूळ रचनाकाराला पत्र लिहा.

२२. कोणीच घेत नाही. मोडून भाग काढताना काही धोका आहे का?

आहे. मोठ्या पॉवरचे काही आरएफ ट्रान्झिस्टर आणि काही सिरॅमिक व्हॉल्व्ह यांत बेरिलियम ऑक्साइड असतं. अखंड असेपर्यंत त्याचा त्रास नाही; फोडलं, घासलं किंवा ड्रिल केलं तर त्याची धूळ फुप्फुसांना घातक. जुन्या तेलभरल्या उच्चदाब कपॅसिटरमध्ये पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल असू शकतं. गळत असेल तर उघड्या हातांनी उचलू नका. लष्करी सरप्लसमधल्या चमकणाऱ्या जुन्या डायलवर रेडियमचा रंग असू शकतो, आता चमकत नसला तरीही. या तिन्ही गोष्टी भंगारात किंवा भागांच्या डब्यात टाकू नका. न फोडता, नाव लिहून, घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्या.